माऊस न वापरता काम करताना फोकस हरवतो, उपाय काय?

प्रश्न – शब्दसेवक

उजव्या मनगटाच्या दुखण्यामुळे माऊसचा वापर शक्य तितका बंद करावा, असा सल्ला मला मिळाला आहे. टंकलेखनाचा फारसा त्रास होत नाही; मात्र हात सतत माऊसकडे नेणे, तो पकडून धरणे आणि क्लिक करत राहणे यामुळे दुखणे वाढते. माझे काम पत्रव्यवहार, मोठी कोष्टके आणि निरनिराळ्या संकेतस्थळांवरील फॉर्म भरणे अशा स्वरूपाचे असून संगणकावर विंडोज ११ आहे.

कॉपी, पेस्ट, सेव्ह, अनडू यांसारखे नेहमीचे शॉर्टकट मला येतात आणि ऑल्ट+टॅबने एका विंडोतून दुसरीत जाण्याची सवयही आहे. शॉर्टकटच्या लांबलचक याद्या मी वाचून पाहिल्या, पण त्यांतील बहुतेक शॉर्टकट मला कधी लागत नाहीत आणि जिथे खरोखर अडते तिथे उपयोगी पडेल असे त्यांत काही सापडत नाही.

मी अडतो ते असे. संकेतस्थळ उघडल्यावर हव्या त्या लिंकपर्यंत पोहोचण्यासाठी टॅबची कळ इतक्या वेळा दाबावी लागते की माऊस परवडला असे वाटते. त्यातही मध्येच कुठेतरी ती ठळक चौकट दिसेनाशी होते, मी टॅब दाबत राहतो आणि आपण पानावर नेमके कुठे आहोत हेच कळत नाही. शिवाय ओढून नेण्याची कामे, म्हणजे कोष्टकातील ओळ वरखाली करणे किंवा विंडो सरकवणे, कळफलकाने कशी करावीत याचा मला अजिबात अंदाज नाही. माऊस पूर्णपणे बाजूला ठेवून दिवसभराचे काम करणारे कोणी येथे असल्यास त्यांनी आपली पद्धत सविस्तर सांगावी, ही विनंती.

उत्तर – चौकट

संकेतस्थळे कळफलकाने नीट चालतात की नाही हे तपासणे हा माझ्या नोकरीचा भाग असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

तुमच्या पहिल्या दोन अडचणी मुळात एकच आहेत. माऊसने काम करणाऱ्याला पडद्यावरचा बाण दिसत असतो आणि क्लिक तिथेच होणार हे त्याने गृहीत धरलेले असते. कळफलकाने काम करताना त्या बाणाची जागा फोकस घेतो. तुम्ही दाबलेली कळ ज्या घटकावर फोकस आहे त्यालाच आधी मिळते आणि तिचे काय करायचे हे तोच ठरवतो. त्यामुळे याद्या पाठ करण्यापेक्षा फोकस कसा हलतो हे समजून घेणे कितीतरी अधिक फायद्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

टॅब तुम्हाला एका घटकाकडून पुढच्या घटकाकडे नेतो, शिफ्ट+टॅब मागे आणतो, आणि घटकाच्या आत फिरण्यासाठी बाणांच्या कळा असतात. रेडिओ बटणांचा गट घ्या. त्यात पाच पर्याय असले तरी टॅब त्या गटावर एकदाच थांबतो आणि पर्याय बाणांनी बदलावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस टॅबच दाबत राहतो आणि दुसरा पर्याय निवडताच येत नाही अशी त्याची समजूत होते. मेन्यू, फोल्डरांची उतरंड, सेटिंग्जमधील आडवे टॅब या सगळ्यांना हाच नियम लागू पडतो.

एंटर आणि स्पेसबार यांतील फरकही एकदा मनात पक्का करून ठेवा. लिंक एंटरने उघडते. तिच्यावर स्पेसबार दाबला तर पान नुसते खाली सरकते. बटण दोन्हींनी दाबले जाते. चेकबॉक्सला खूण मात्र स्पेसबारनेच करावी, कारण तिथे एंटर दाबल्यास खूण होण्याऐवजी अर्धवट भरलेला फॉर्मच रवाना होण्याची शक्यता असते. ड्रॉपडाउन यादीवर आल्यावर थेट खालचा बाण दाबू नका. काही संकेतस्थळांवर निवड बदलताक्षणी पान नव्याने उघडते आणि तुम्ही यादीतील दुसऱ्याच पर्यायावर अडकून पडता. ऑल्ट धरून खालचा बाण दाबला की यादी उघडते, मग निवांतपणे पर्याय शोधून एंटर दाबावा. यादी लांब असेल तर पर्यायाची पहिली दोन-तीन अक्षरे पटकन टंकली तरी फोकस तिथे जाऊन बसतो.

आता टॅब दाबून थकण्याविषयी. लांबच्या लिंकपर्यंत टॅबने चालत जायचेच नसते. कंट्रोल+एफ दाबून लिंकमधील एखादा शब्द शोधा आणि तो सापडला की एस्केप दाबून शोधपट्टी बंद करा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींत सापडलेला शब्द लिंकमधला असल्यास फोकस त्या लिंकवर येतो आणि एंटर दाबताच ती उघडते. तो शब्द साध्या मजकुरातला असला तरी वाया जात नाही, कारण पुढचा टॅब पानाच्या सुरुवातीपासून न धावता तिथून पुढे निघतो. म्हणजे फॉर्ममधील 'पिनकोड' हा शब्द शोधला, एस्केप दाबला आणि एकदा टॅब दाबला की बहुतेक वेळा तुम्ही पिनकोडच्या रकान्यात असता. फायरफॉक्समध्ये याहून सुटसुटीत सोय आहे: इंग्रजी कळफलक चालू असताना एकेरी अवतरणचिन्हाची कळ दाबली की उघडणारी शोधपट्टी फक्त लिंकांमध्येच शोधते.

फोकस दिसेनासा होतो त्यात तुमचा काहीही दोष नाही. ब्राउझर फोकसभोवती चौकट आपणहून दाखवतो. ती देखणी दिसत नाही म्हणून पान सजवणारी मंडळी तिला एका ओळीच्या सूचनेने घालवून टाकतात. संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, अगदी २००८ सालच्या २.० आवृत्तीपासून, फोकस दिसला पाहिजे आणि कळफलकाने आत गेलेल्या माणसाला कळफलकानेच बाहेर पडता आले पाहिजे, या दोन्ही अपेक्षा लिहिलेल्या आहेत. तरीही चौकट पुसलेली पाने मला कामात नेहमी भेटतात. तात्पुरता उपाय म्हणून क्रोमच्या सेटिंग्जमधील सुगम्यतेच्या विभागात फोकस असलेल्या घटकाभोवती क्षणभर ठळक कडे दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करून ठेवा. एवढे करूनही वाट चुकलीच तर कंट्रोल+एल दाबून सरळ पत्त्याच्या पट्टीत यावे आणि एफ६ दाबत पुन्हा पानात शिरावे; आंधळेपणाने टॅब दाबत राहण्यापेक्षा हे बरे.

विंडोजमधील फिरण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग मुळातच चांगला बांधलेला आहे. विंडोज कळ दाबून प्रोग्रॅमचे नाव टंकणे हा सर्वांत जवळचा मार्ग होय. विंडोज कळ धरून १ ते ९ पैकी अंक दाबल्यास टास्कबारवरील त्या क्रमांकाचा प्रोग्रॅम उघडतो, विंडोज+बीने घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांकडे जाता येते आणि राइट क्लिकचे काम शिफ्ट+एफ१० करते. लॅपटॉपवर एफ१० दाबल्यावर भलतेच काही होत असेल तर सोबत एफएन कळही दाबावी लागेल.

उत्तर – श्रवण

वरील उत्तरात भर घालतो. मी दृष्टिहीन आहे आणि स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, साहाय्याने काम करतो, त्यामुळे माऊस माझ्या टेबलावर कधी नव्हताच. डोळस माणसे कळफलकाने काम करू लागली की टॅब हीच एकमेव वाट आहे असे समजतात. आमच्यापैकी सरावलेला कोणीही अनोळखी पान टॅबने वाचत नाही. आम्ही पान मथळ्यांवरून चाळतो.

एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर चालू असताना ब्राउझरमध्ये इंग्रजी एच दाबले की पुढच्या मथळ्यावर जाता येते. के दाबल्यास पुढची लिंक, बी दाबल्यास पुढचे बटण आणि एफ दाबल्यास फॉर्ममधील पुढचा घटक मिळतो. त्याच कळांना शिफ्टची जोड दिली की उलट दिशेने जाता येते. इन्सर्ट+एफ७ दाबल्यावर पानावरील सगळ्या लिंकांची किंवा मथळ्यांची यादी एका खिडकीत उघडते आणि तिच्यात अक्षरे टंकून यादी गाळता येते. ज्या पानावर टॅबने मेन्यूतल्या चाळीस लिंका ओलांडाव्या लागतात, तिथे मुख्य मजकुरापर्यंत पोहोचायला मला एखाददुसरी कळ पुरते. अर्थात पान बनवणाऱ्याने मथळ्यांना नुसती मोठी अक्षरे न देता खरोखरच मथळे म्हणून नोंदवलेले असले पाहिजे.

डोळसांनाही हे वापरण्यास काहीच हरकत नाही. बोलणे नको असल्यास इन्सर्ट+एसने आवाजाचा प्रकार बदलत जाऊन ते बंद करता येते, आणि एनव्हीडीएच्या सेटिंग्जमधील दृष्टीविषयक भागात फोकसभोवती रंगीत चौकट काढण्याचा पर्याय आहे. पान बनवणाऱ्याने स्वतःची चौकट पुसलेली असली तरी ही चौकट दिसत राहते, म्हणजे तुमची दुसरी अडचण बऱ्याच अंशी सुटते. एक सावधगिरी मात्र बाळगा: फॉर्मच्या रकान्यात शिरल्यावर एनव्हीडीए स्वतःहून टंकनाच्या अवस्थेत जातो आणि तेव्हा एच दाबल्यास एच हे अक्षरच उमटते. इन्सर्ट+स्पेसने अवस्था हाताने बदलता येते आणि प्रत्येक बदलाला वेगळा ध्वनी असतो. बोलणे बंद केले तरी संगणकाचा आवाज पूर्ण बंद ठेवू नये असे मी सुचवेन, ते त्यासाठीच.

मराठी लिहिणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. एकेका अक्षराचे शॉर्टकट, मग ते एखाद्या ईमेल सेवेचे असोत वा ब्राउझरच्या एखाद्या विस्ताराचे, मराठी कळफलक चालू असताना बऱ्याचदा दाद देत नाहीत, कारण समोरच्या प्रोग्रॅमला इंग्रजी अक्षराऐवजी देवनागरी अक्षर पोहोचते. विंडोज+स्पेसने भाषा बदलून पाहिल्याशिवाय शॉर्टकट बिघडला असा निष्कर्ष काढू नये.

उत्तर – रेखाटन

माझे मत थोडे निराळे आहे. माऊस शंभर टक्के सोडण्याचा हट्ट कशासाठी? मी चित्रे आणि मांडणीचे काम करतो. तिथे वक्ररेषेचे टोक पकडून हलवणे कळफलकाने शक्य असले तरी शहाणपणाचे नाही. काही कामे दाखवण्याची असतात आणि काही सांगण्याची. पहिल्या प्रकारच्या कामांसाठी डाव्या हाताने चालवायचा ट्रॅकबॉल किंवा पेन टॅबलेट घेतल्यास उजव्या मनगटाला विश्रांतीही मिळते.

उलट टोकाची सक्तीही संगणकाच्या इतिहासात होऊन गेली आहे, हे जाता जाता नमूद करतो. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिन्टॉशच्या कळफलकावर बाणांच्या कळाच दिलेल्या नव्हत्या, म्हणजे कर्सर हलवायचा तर माऊसला हात लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. तो हट्ट टिकला नाही. हाही टिकवण्याची गरज नाही.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न – शब्दसेवक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शब्द शोधून एस्केप दाबण्याची युक्ती मला सर्वांत उपयोगी पडली. मोठ्या फॉर्ममध्ये तर ती टॅबची जागाच घेते. एनव्हीडीएची रंगीत चौकटही चालू केली आहे. 'रेखाटन' यांचा मुद्दा मान्य आहे, परंतु माझ्या कामात चित्रे नसतात आणि डाव्या मनगटावरही तोच भार टाकण्याची माझी तयारी नाही.

दोन गोष्टी अजून उरल्या आहेत. ओढून नेण्याविषयी कोणी लिहिलेले नाही. दुसरे म्हणजे, फॉर्ममध्ये तारखेच्या रकान्यात आले की एक छोटे कॅलेंडर उघडते, त्यात टॅब दाबत गेले तर तीस-एकतीस दिवस एकामागून एक ओलांडावे लागतात, आणि एका संकेतस्थळावर तर त्यातून बाहेर पडण्यासाठी मला शेवटी माऊस हातात घ्यावा लागला.

उत्तर – चौकट

ओढण्याची कामे पाहताना आधी हे ओळखावे की ओढणे हे साधन असते, काम नव्हे. फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकणे म्हणजे कट आणि पेस्टच. वर्डमध्ये परिच्छेद किंवा कोष्टकातील ओळ वर न्यायची असल्यास कर्सर तिच्यात ठेवून ऑल्ट+शिफ्ट+वरचा बाण दाबावा. ओळ एकेक घर वर सरकत जाते आणि खालच्या बाणाने खाली येते. एक्सेलमध्ये शिफ्ट+स्पेसने संपूर्ण ओळ निवडावी, कंट्रोल+एक्सने कट करावी, जिथे हवी तिथली ओळ तशीच निवडून कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबावे. कट केलेली ओळ तिथे घुसते आणि जुन्या जागी रिकामी ओळ मागे राहत नाही. नुसते पेस्ट केल्यास मात्र खालचा मजकूर पुसला जाईल, तेवढे जपावे. मुख्य कळफलकावर अधिकचे चिन्ह शिफ्टसह येते, हेही विसरू नये.

विंडो सरकवण्यासाठी विंडोज कळ आणि बाण पुरतात. डावा बाण तिला पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात बसवतो आणि वरचा बाण मोठी करतो. मधल्याच कुठल्या जागी न्यायची असेल तर ऑल्ट+स्पेस दाबून विंडोचा मेन्यू उघडावा आणि इंग्रजी विंडोजमध्ये एम दाबावा, आकार बदलायचा असेल तर एस दाबावा. नंतर बाणांनी हवा तो बदल करून एंटर दाबावा. दुसरा मॉनिटर काढून टाकल्यावर पडद्याबाहेर राहून गेलेली विंडो परत आणण्याचाही हाच मार्ग आहे, आणि तिथे माऊसवाल्यांनाही कळफलकालाच शरण यावे लागते.

जिथे खरोखर दुसरा इलाजच नसतो, तिथे विंडोजमधील माऊस कीज ही सोय वापरावी. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नमलॉक या तीन कळा एकत्र दाबल्या की ती चालू करण्याविषयी विचारणा होते. त्यानंतर अंकांच्या कीपॅडवरील ८, २, ४ आणि ६ या कळा बाणाला वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे नेतात, कोपऱ्यातले अंक तिरके नेतात आणि ५ ने क्लिक होते. शून्य दाबले की माऊसचे बटण दाबून धरल्यासारखे होते. मग वस्तू हव्या त्या ठिकाणी नेऊन दशांशचिन्हाची कळ दाबली की ती सुटते. वेग सुरुवातीला कंटाळवाणा वाटेल. सेटिंग्जमध्ये तो वाढवता येतो, आणि तिथला संबंधित पर्याय चालू असल्यास कंट्रोल धरून बाण झपाट्याने व शिफ्ट धरून अगदी सावकाश हलतो. अंकांचा कीपॅड नसलेल्या लॅपटॉपवर यासाठी यूएसबीने जोडायचा वेगळा कीपॅड घ्यावा लागेल.

तारखेच्या रकान्याविषयी सांगायचे तर, कॅलेंडर उघडले म्हणून ते वापरलेच पाहिजे असे नाही. ब्राउझरचा स्वतःचा रकाना असेल तर त्यात दिवस, महिना आणि वर्ष असे तीन भाग असतात आणि अंक सरळ टंकले की फोकस आपोआप पुढच्या भागात सरकतो. मात्र महिना आधी आहे की दिवस, हे रकान्यात फिकट दिसणाऱ्या नमुन्यावरून आधी पाहून घ्यावे. कॅलेंडर वापरायचेच असल्यास टॅब सोडून बाण वापरा. नीट बनवलेल्या कॅलेंडरमध्ये डावा-उजवा बाण दिवस बदलतो, वर-खालचा बाण आठवडा बदलतो, पेज अप आणि पेज डाउन महिना बदलतात आणि एस्केपने कॅलेंडर बंद होऊन फोकस रकान्यात परत येतो.

तुम्ही ज्यातून बाहेर पडू शकला नाहीत, ते डब्ल्यूसीएजीच्या भाषेत कळफलकाचा सापळा म्हणून ओळखले जाते आणि तो टाळणे ही त्या तत्त्वांतील अगदी पहिल्या, म्हणजे 'ए' पातळीची अट आहे. अशा ठिकाणी आधी एस्केप, मग शिफ्ट+टॅब, आणि तेही चालले नाही तर कंट्रोल+एल असा क्रम ठेवा; पत्त्याच्या पट्टीत जाणे हे ब्राउझरच्या हातात असल्यामुळे ही शेवटची वाट बहुधा मोकळी असते. तिथून कंट्रोल+एफने कॅलेंडरच्या पुढच्या रकान्याचे नाव शोधून, एस्केप आणि टॅब दाबून पुढे जावे. त्यानंतर त्या संकेतस्थळाच्या संपर्क पत्त्यावर नेमका रकाना, वापरलेला ब्राउझर आणि दाबलेल्या कळांचा क्रम लिहून कळवा. 'तुमचे संकेतस्थळ कळफलकाने चालत नाही' एवढ्याच तक्रारीवर आमच्यासारख्या तपासणाऱ्यांना काही करता येत नाही. 'जन्मतारखेच्या रकान्यात टॅब दाबल्यावर कॅलेंडर उघडते आणि एस्केपने बंद होत नाही' असे वाक्य मिळाले, तर ते जसेच्या तसे दुरुस्तीच्या यादीत टाकता येते.